सासऱ्याच्या वावराची काळी माती

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. धायरीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत जुनी चादर अंथरून समोरासमोर बसलो होतो. ती बत्त्याने टरफल फोडून शिरा ओढायची, मी चिंचोके काढायचो. माझी बोटं जाड. आयुष्यभर डंपरचं स्टीअरिंग धरून वाकडी झालेली. तिच्या दहा चिंचा होईस्तोवर माझी एक.

"सोडा तुम्ही," ती म्हणाली. "चिंचेपेक्षा तुमचं तोंड आंबट झालं."

मी सोडलं नाही. खाली शेजारच्या प्लॉटवर बिल्डरची माणसं पत्रे ठोकत होती. आम्ही मुलाकडे राहायला आलो तेव्हा तिथं वांगी होती. मग कॉम्प्युटरवाल्यांना घरं कमी पडायला लागली आणि वांगी गेली. आमचा मुलगाही कॉम्प्युटरवालाच. हिंजवडीला जातो, तेव्हा बोलायला तोंड नाही.

"चिंच गराची आहे," ती म्हणाली. "चिंचोके टाकू नका. बाबाच्या मातीत लावायचे."

"गावी तुझ्या मैत्रिणीला, गिरजाबाईला, कुरिअरने पाठवू."

"कुरिअरने नाही. आपण जाऊ. तुम्ही न्या मला एकदा."

"उन्हाळा जाऊ दे."

"तुमचा उन्हाळा दरवर्षीच असतो," ती म्हणाली आणि मीठ आणायला आत गेली.

चिंचेचे गोळे करून तिने बरणीत भरले. चिंचोके पेपरवर वाळत घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. त्रास कुणाला झाला नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

पुढे सगळं झालं. माणसं आली, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं गेली. चिंचोके गॅलरीत तसेच. सूनबाई शहाणी, तिने त्यांना हात लावला नाही. दीड महिन्याने मी ते तिच्या हातशिलाईच्या पिशवीत भरले आणि मुलाला म्हणालो, "वर्ध्याचं तिकीट काढ."

"बाबा, आत्ता? तिकडे आग ओकतंय ऊन. निदान पाऊस पडू द्या."

"तुझ्या आईला मी हेच म्हणालो होतो," मी म्हणालो. त्याने कॉम्प्युटर उघडला.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात कुणी काशीचं लिहितं, कुणी मुलीकडच्या अमेरिकेचं. मी चौथी शिकलेला माणूस. मी कोळशाच्या खाणीला जाऊन आलो, त्याचं लिहितो. तिथं कुणी हौसेने जात नाही, म्हणून लिहितो.

वर्धा ते वणी

रेल्वेचं काही लिहीत नाही. रेल्वे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडीत बसल्या बसल्या जे डोक्यात चाललं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

माझी बायको वत्सला. तिकडे तिला वच्छला म्हणत. वणीकडच्या भागात खैरमाळा म्हणून तिचं माहेर होतं. होतं म्हणजे आता नाही. गावाखाली कोळसा निघाला आणि कंपनीने गाव आणि शिवार दोन्ही घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. जमीन देणाऱ्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळायची. सासऱ्याला मुलगा नव्हता, एकुलती एक वच्छला. म्हणून नोकरी जावयाच्या नावावर लागली. मी तोवर दुसऱ्याचा ट्रक चालवत होतो. सासऱ्याच्या काळ्या वावरापायी मला खाकी वर्दी, क्वार्टर आणि डंपर मिळाला. वच्छला खाणीच्या नर्सरीत रोजाने लागली. प्लास्टिकच्या पन्नीत माती भरायची, बी टोबायचं, रोपं जगवायची.

आता खाण कशी असते ते ऐका. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, मग दगड, आणि मग कुठे कोळसा. कोळशासाठी वरचं सगळं उकरून बाजूला टाकावं लागतं. त्याचा पहाड होतो. त्याला आम्ही डंप म्हणतो. दगडाच्या डंपावर गवताची काडी उगवत नाही. म्हणून नियम असा, की वरची काळी माती आधी वेगळी काढायची, लांब एका जागी राखून ठेवायची, आणि डंप पुरा झाला की शेवटी त्याच्या अंगावर पसरायची. मग त्यात झाडं लावायची. काळी तळाला गेली आणि दगड वर आला, तर नर्सरीतल्या बाया कितीही रोपं लावोत, ती मरतात.

सासऱ्याच्या वावरावर खोदायचं यंत्र, शॉवेल, चढलं तेव्हा डंपर माझा होता. सासरे तोवर वारले होते, ते एक बरं. राखणीची जागा लांब, रस्ता खराब, एक फेरी करायला दोन फेऱ्यांचा वेळ. साहेब लोकांना कोळसा लवकर हवा. डंपावर मुकादम उभा असायचा. डंपर कुठे खाली करायचा ते तो हाताने दाखवायचा. पहिल्या दिवशी मी काळी माती घेऊन वळणावर आलो तर त्याने हात केला. इकडेच. इकडेच ओत.

मी खाली उतरून नाही म्हणू शकलो असतो. जुना ड्रायव्हर होतो, मला कुणी खाल्लं नसतं. पण ऊन होतं, पाळी लवकर सुटणार होती. मी डाला उचलला आणि काळी तिथंच ओतली. तीन दिवस उचलला. चौथ्या दिवशी दुसऱ्या डंपरांनी त्यावर दगड ओतला.

त्या संध्याकाळी वच्छलाने वाढता वाढता विचारलं, "बाबाच्या वावराची माती कोठी टाकली?"

"राखलेल्या ढिगात," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी राखलेली माती डंपाच्या माथ्यावर पसरली. वच्छलाने आणि तिची जोडीदारीण गिरजाबाई हिने तिथं चिंचेचं रोप लावलं. वच्छला पायाने माती दाबत म्हणाली, "बाबाची माती आहे. लागंल." मी तिचा डबा हातात घेऊन बाजूला उभा होतो. त्यानंतर आम्ही तिथं जितकी वर्षं होतो तितकी वर्षं ती त्या झाडाला बाबाचं झाड म्हणाली, आणि मी तितकी वर्षं हो म्हणालो.

आता चिंचोके बाबाच्या मातीत लावायचे होते. माथ्यावर लावले तर खोटं कायमचं पक्कं होणार. आणि खरी जागा तर दगडाखाली. वर्धा आलं तरी माझा निर्णय झाला नव्हता.

वर्ध्याला एसटीत बसलो. पुण्यात एसटीत माणूस शेजारी बसला तरी आधी पिशवी मध्ये ठेवतो. इथं शेजारचा म्हातारा बसायच्या आधीच विचारता झाला, "कोठचे जी? कोनाकडं चाल्ले? एकटेच काहून?" मी सांगितलं, बायको वारली. त्याने खिशातून सुपारी काढून निम्मी मला दिली.

हिंगणघाटच्या पुढे गाडी एका खड्ड्यात आपटली आणि माझी पिशवी उसवली. चिंचोके सगळ्या गाडीभर. पुढच्या सीटखालून पार ड्रायव्हरच्या पायाशी. मी वाकलो तर वाकूनच राहिलो, कंबर धरली. कंडक्टरने घंटी मारून गाडी उभी केली.

"बाबाजी, चौसर खेळाले निघाले काय?"

"नाही. लावायला नेतोय."

"एवढी चिंच कोन खाईन?"

मागच्या बाईने त्याला दटावलं. "तू तिकिटं फाड ना. म्हाताऱ्या मानसाले काय बोलतो?" आणि ती खाली बसून वेचायला लागली. मग सगळी गाडीच वेचायला लागली. लोक ओंजळी भरून आणून देत होते. एकाने शेंगदाणेसुद्धा आणून दिले. कंडक्टरने शेवटी ड्रायव्हरच्या पायाखालचे तीन स्वतः आणले आणि म्हणाला, "हे घ्या. आता एक कमी भरला तर माह्यावर नाव नोको." पिशवीच्या फाटक्या जागी त्याने तिकिटाच्या गठ्ठ्याचा रबर बांधून दिला. तो रबर अजून माझ्याकडे आहे.

गिरजाबाईचं घर

खैरमाळ्याची माणसं कंपनीने नव्या गावात वसवली आहेत. पुनर्वसनाच्या गावात रस्ते सरळ, घरं सरळ, फक्त माणसं अजून वाकडी वाट शोधत असतात. जुन्या गावात गिरजाबाईचं घर वच्छलाच्या पाठीमागे होतं. इथं सासऱ्याच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे तिला प्लॉट निघाला, तरी वच्छला क्वार्टरवरून आली की दोघी मागच्या दारानेच जात-येत. मागच्या भिंतीत दार मुद्दाम पाडून घेतलं होतं.

गिरजाबाई दारातच बसली होती. मला पाहून उठली नाही. पदर तोंडाला लावून तशीच बसली. मीही बाजूला बसलो. पुण्यात लोक समाचाराला आले की पंधरा मिनिटं बोलतात आणि घड्याळ पाहतात. इथं आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही आणि कुणाला घाई नव्हती.

मग ती म्हणाली, "फोनवर तुमच्या पोरानं सांगतलं तवा मले वाटलं तुमी गेले. मी म्हटलं, वच्छला कशी राहीन आता एकटी. मंग समजलं का उलटं झालं."

"मलाही उलटंच वाटतंय," मी म्हणालो.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी त्यावर कच्चं तेल. पुण्यात जवस औषधासारखा डबीत मिळतो. वच्छला तो घरी भाजून कुटायची आणि सूनबाई खिडक्या लावून घ्यायची, शेजाऱ्यांना वास जातो म्हणून. गिरजाबाईकडे खिडक्या उघड्या होत्या. मी तीन भाकरी खाल्ल्या. दीड महिन्यात एवढं जेवलो नव्हतो.

जेवण झाल्यावर तिने चिंचोके परातीत ओतून निवडले. किडका एकही नव्हता.

"तिनं वाळवले. मले माहीत हाय तिचा हात." अर्धे चिंचोके तिने गरम पाण्यात भिजत घातले. "रातभर फुगतीन. सकाळी पहाडावर जाऊ. कोठी लावाचे?"

"बाबाच्या मातीत," मी म्हणालो.

"म्हंजे बाबाच्या झाडापाशी."

मी पिशवीची घडी घातली. ती परात आवरत होती.

डंप

खाणीत आता कुणालाही सोडत नाहीत. गिरजाबाईने खाणीच्या पर्यावरण खात्याच्या मॅडमना सांगून ठेवलं होतं. माझ्या सुनेच्या वयाची नागपूरची मुलगी. तिने माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं तर ते नाकावर आलं. आमच्या वेळी हेल्मेट कुणी घालत नसे; माझं डोकं लहान आहे हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

"काका, आत कागद घाला," मॅडम म्हणाल्या आणि कालचा पेपर घडी करून दिला. दिवसभर मी डोक्यात बातम्या घेऊन फिरलो.

जीप डंपाच्या पायथ्याशी थांबली आणि मी ओळखलंच नाही. मी त्यावर डंपर चालवत होतो तेव्हा तो राखेच्या रंगाचा होता, वारा सुटला की वणीपर्यंत धूळ जायची. आता पायथ्याला दगडी भिंत आहे. भिंतीच्या आत चारी खणली आहे, पावसात वाहून आलेला गाळ त्यात बसावा, नाल्यात जाऊ नये म्हणून. उतार कापून मोठमोठे टप्पे केले आहेत, खालच्या दोन टप्प्यांवर झाडं. शिसव, करंज, बांबू. बांबूत पाखरं एवढी ओरडत होती की मॅडमचं बोलणं ऐकू येईना. रोही, म्हणजे नीलगाई, वर चढून रोपं खातात, अशी त्यांची तक्रार. मला हसू आलं. आमच्या वेळी तिथं रोही सोडा, कुत्रं चढत नव्हतं.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. वरून पाहिलं तर पलीकडे नवी खाण तशीच आ वासून आहे, ट्रकांची रांग तशीच, रस्त्याकडेची कडुनिंबाची झाडं काळी. खैरमाळा होतं तिथं आता खोल हिरवं पाणी आहे. गिरजाबाईने बोट दाखवून सांगितलं, अठी विहीर होती, अठी बुद्धविहार. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, पण ती अचूक सांगत होती.

वर चढताना मी तिसऱ्या टप्प्यावर थांबलो. दम लागला होता हे खरं, पण थांबलो त्यासाठी नाही. ज्येष्ठाचं ऊन, सगळा उतार पिवळा पडलेला, नुसत्या काड्या. आणि मध्येच, कमरेला पट्टा बांधावा तसा, एक हिरवा पट्टा. गवत, बाभळी, बोरी, एक कडुनिंबसुद्धा. वीस-पंचवीस पावलं लांब. वर दगड, खाली दगड, मध्ये तेवढाच हिरवा.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तीच तर गंमत आहे काका. आजूबाजूला आम्ही तीनदा लावलं, तीनदा मेलं. इथं काही लावलं नाही, आणि आपोआप आलं. डोझरने टप्पा पाडताना आतला थर उघडा पडला. माती तपासली, एकदम चांगली आहे. पण एवढ्या आत ती आली कुठून, रेकॉर्डमध्ये कुठेच नाही."

मी त्या पट्ट्यात जाऊन बसलो. ढेकूळ उचलून बाटलीतल्या पाण्याने ओलं केलं, तळहातावर वळलं. मेणासारखी वळली. काळीभोर. आणि तिच्यात खापऱ्यांचे बारीक लाल तुकडे. सासऱ्याच्या वावरात जुन्या कुठल्या तरी वस्तीच्या खापऱ्या निघायच्या. वच्छला लहानपणी त्या वेचून खेळायची. शिवारात दुसऱ्या कुणाच्या वावरात त्या नव्हत्या.

मॅडम उभ्या होत्या. गिरजाबाई भिजलेल्या चिंचोक्यांचं गडवं घेऊन उभी होती.

"रेकॉर्डमध्ये नाही कारण मी टाकली," मी म्हणालो. "ही वच्छलाच्या बाबाची माती. मुकादमाने हात केला आणि मी इथं ओतली. घरी जाऊन सांगितलं की राखून ठेवली."

मॅडमनी वाकून माझ्या तळहातावरची माती पाहिली. 

मग गिरजाबाई म्हणाली, "एवढं पोटात ठेवून जेवत कसे होते जी तुमी?"

"तिच्या हातचं होतं म्हणून."

"मंग वर माथ्यावर कोनाची माती हाय?"

"त्या साली राखलेली होती ती तुमच्याकडची. तुमच्या सासऱ्याच्या वावराची."

गिरजाबाईने गडवं खाली ठेवलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारी होती. ती म्हणाली, "तरीच ते झाड एवढं आंबट. आमचा बुढाच तसा होता." आणि पदराने डोळे पुसले. हसून की रडून, मी विचारलं नाही.

मग माझ्या शेजारी बसून ती म्हणाली, "भाऊजी, वच्छला डबा कोठी खाये माहीत हाय? हा टप्पा पाडला तवापासून अठीच. तुमची गाडी तवा दुसऱ्या खाणीत होती. मी म्हनो, वर बाबाच्या झाडाखाली सावली हाय, तठी चाल. तर म्हने, अठी थंड वाटते. जेवन झालं का खापऱ्या वेचे. हातात घेऊन पाहत बसे आन तठीच ठेवून दे. मले वाटे, असंन काही छंद."

म्हणजे तिला माहीत होतं. शेतकऱ्याची पोर, बापाची माती ओळखणार नाही तर काय. इथं बसून डबा खायची, घरी येऊन मला त्याच डब्यातली उरलेली चटणी वाढायची, आणि माथ्यावरच्या झाडाला बाबाचं झाड म्हणायची. माझ्यासमोर. किती वर्षं. चिंच फोडताना म्हणाली, बाबाच्या मातीत लावायचे, तुम्ही न्या मला. मला वाटतं ती मला बोलायला जागा करून देत होती. मी म्हणालो, उन्हाळा जाऊ दे.

हे मी गिरजाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तसं काही नसते. तिले गावाले यायचं होतं, बस." कोण बरोबर ते सांगणारी गेली.

चिंचोके आम्ही त्या पट्ट्यातच टोबले. गिरजाबाई कुदळीच्या टोकाने भोक पाडायची, मी दोन-दोन चिंचोके टाकायचो, मॅडम बाटलीने पाणी घालायच्या. माझ्या जाड बोटांतून एकदा चार पडले. गिरजाबाई म्हणाली, "राहू द्या. जो जगंन तो जगंन." मी शेवटच्या भोकावर माती ओढली आणि हाताने दाबली. पायाने नाही दाबवली.

खाली आल्यावर मॅडमनी ऑफिसात मोठा नकाशा टेबलावर पसरला.

"काका, नेमकं कुठून कुठपर्यंत ओतली, दाखवाल? अजून आत असेल तर पुढच्या कामाला बाहेर काढता येईल. वरच्या टप्प्यांवर पसरू. तिथं मातीविना सगळं मरतंय."

मी वळण शोधलं, मुकादम उभा राहायचा ती जागा शोधली, आणि बोटाने रेघ ओढली. त्यांनी पेनने ती पक्की केली. मग मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि खाली सही मागितली. चुकीबद्दल काही कारवाई होईल का, मी विचारलं.

"तुम्ही एकटे नव्हता काका," त्या म्हणाल्या. "आता वरच्या मातीच्या गाड्यांना आम्ही हिरवी पाटी लावतो. पाटीवाली गाडी दुसरीकडे वळली की मला फोन येतो. तरी कधीकधी वळतेच."

निघताना गिरजाबाईने न भिजवलेल्या चिंचोक्यांच्या दोन वाटण्या केल्या. एक नर्सरीत पन्नीत लावायला ठेवली. दुसरी माझ्या पिशवीत परत घातली आणि रबर लावला.

"हे पुण्याले न्या."

"तिथं कुठे लावू? फ्लॅट आहे."

"मले काय विचारता? तुमी पाहा."

परत धायरी

संध्याकाळी घरी पोचलो. सूनबाईने गरम पाणी काढलं, मुलाने पाय दाबायला सुरुवात केली, मी त्याला हटकलं. त्याला सगळं सांगितलं. माती, डाला, खापऱ्या, सगळं. तो पायाशीच बसून राहिला. मग म्हणाला, "बाबा, माझं शिक्षण त्याच नोकरीवर झालं ना?" मी म्हणालो, हो. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत चहा घेत होतो. खाली पत्र्यांच्या आत जेसीबी सुरू झाला होता. पावसाआधी पाया खणायची घाई. पहिलंच बकेट वर आलं. वर काळी माती, वांग्यांची वाळलेली धसकटं तिच्यात, खाली मुरूम. दोन्ही एकत्र उचलून तो डंपरमध्ये टाकत होता. ते कुठे तरी रस्त्याच्या भरावात जाणार होतं.

मी चहा ठेवला, चप्पल घातली, जिना उतरलो आणि पत्र्याच्या फटीतून आत जाऊन जेसीबीपुढे उभा राहिलो. ऑपरेटरने इंजिन बंद केलं. बीडकडचा तरुण.

"ओ बाबा, मरायचंय का? बाजूला व्हा."

"वरची दीड फूट काळी आधी काढ," मी म्हणालो. "ती त्या भिंतीकडे रच. मुरूम मग उचल. मी डंपर चालवलाय, मला माहीत आहे, वेळ सारखाच लागतो."

तेवढ्यात साइटचा सुपरवायझर आला. आपला सदाशिव पेठेतला, पांढरा शर्ट, हातात मोबाईल.

"काय आजोबा, सकाळी सकाळी? माती काय आपल्या सासऱ्यांची आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "सासऱ्याची होती ती मी दगडाखाली गाडली. म्हणून सांगतो."

 मी त्याला थोडक्यात सांगितलं. तुमच्या बिल्डिंगच्या जाहिरातीत बाग दाखवलीय, ती काय मुरमावर करणार, हेही विचारलं. तो म्हणाला, "बागेला माती विकत येते आजोबा." मी म्हणालो, "हीच येईल. पण मुरमात मिसळून तोवर ती माती राहिलेली नसेल." त्याने मोबाईल खिशात घातला, ऑपरेटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठेव रे तिकडे. नाहीतर हे इथून हलणार नाहीत." बीडवाला हसला. त्याच्या घरीही वावर असणार.

मी वर गेलो. रबर काढून चिंचोके वच्छलाच्या वाटीत घातले आणि त्यावर गरम पाणी ओतलं. मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आलो आणि भिंतीपाशी मांडली.

जेसीबीचं बकेट काळी माती घेऊन वर आलं आणि अधांतरी थांबलं. ऑपरेटर माझ्याकडे पाहत होता. मी उठून हात केला. इकडे. इकडे ओत.